मित्र वैरी का होतो?

वैर दोन प्रकारचे असते. एक परक्याशी होते, दुसरे मित्राशी. परक्याशी झालेल्या वैराचे कारण बहुधा उघड असते : भूमी, धन, मान अथवा भय. मित्राशी झालेले वैर मात्र मनुष्याला कोड्यात टाकते. एका ताटात जेवलेले दोन जीव एकमेकांच्या नाशाला प्रवृत्त झाले, म्हणजे त्यांतील एक मुळातच दुष्ट होता असे म्हणून आपण मोकळे होतो. हे उत्तर सोपे आहे. परंतु ते बहुधा खरे नसते.

या प्रश्नाच्या विचारास उपयोगी पडणारी एक कथा अनपेक्षित ठिकाणी आढळते. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ साली अमेरिकेत चित्रकथेच्या रूपाने काही अद्भुत शक्तीची पात्रे निर्माण केली. त्यांच्यावर २००० सालापासून चित्रपट निघू लागले. त्यांत चार्ल्स झेवियर आणि एरिक लेनशर हे दोन वृद्ध प्रतिपक्षी म्हणून येतात. मॅथ्यू व्हॉन यांनी दिग्दर्शित केलेला 'एक्स-मेन : फर्स्ट क्लास' हा २०११ सालचा चित्रपट त्यांची पूर्वकथा सांगतो. हे वैरी एके काळी जिवलग मित्र होते. शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे प्रेक्षकाचे लक्ष 'पुढे काय झाले' यापेक्षा 'कोठे चुकले' याकडे लागते. महाभारताचा श्रोताही याच वृत्तीने आदिपर्व ऐकतो.

कथा १९४४ साली आरंभ पावते. पोलंडमधील नाझी छळछावणीत बालक एरिकची मातापित्यांपासून ताटातूट होते आणि त्या आकांतात त्याच्या इच्छाशक्तीने लोखंडी फाटक वाकते. धातू हलविण्याची ही शक्ती पाहून शॉ नावाचा क्रूर मनुष्य त्याच्यासमोर एक नाणे ठेवतो व ते हलविण्याची आज्ञा करतो. मुलाला ते साधत नाही. शॉ तीन अंक मोजतो आणि मुलाच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईला गोळी घालतो. दुसरीकडे चार्ल्स न्यूयॉर्कजवळच्या एका वाड्यात सुखाने वाढत असतो. दुसऱ्याचे मन जाणण्याची शक्ती त्याच्या ठिकाणी आहे. १९६२ साली शॉच्या पाणबुडीमागे फरफटत बुडू लागलेल्या एरिकला चार्ल्स पाण्यात उडी घालून वाचवितो आणि मैत्रीचा आरंभ होतो. जेम्स मॅकव्हॉय आणि मायकेल फासबेंडर या नटांनी ही मैत्री इतकी खरी केली आहे की, मधला काही भाग पोरकट गमतींत आणि शेवटचा गडगडाटात गेला तरी ती मनातून जात नाही.

चित्रपटाचे हृदय एका शांत प्रसंगात आहे. दूरवर उभी असलेली एक प्रचंड धातूची तबकडी वळवून दाखव, असे चार्ल्स एरिकला सांगतो. एरिक क्रोधाच्या बळावर प्रयत्न करतो आणि थकतो. तेव्हा चार्ल्स त्याच्या मनात शिरून एक विसरलेली आठवण वर आणतो : लहानगा एरिक आईजवळ उभा राहून सणाचे दिवे लावीत आहे. दोघांचेही डोळे भरून येतात आणि ती तबकडी वळते. क्रोधाने जे साधले नाही, ते प्रेमाच्या स्मृतीने साधले.

येथे गीतेच्या अभ्यासकाला दुसऱ्या अध्यायातील ती प्रसिद्ध उतरंड आठवल्यावाचून राहणार नाही. विषयचिंतनापासून निघालेला मनुष्य आसक्ती, काम, क्रोध आणि संमोह या पायऱ्यांनी स्मृतिभ्रंशापर्यंत येतो आणि तेथून बुद्धिनाशाला पोचतो. आता शंका अशी निघते की, क्रोधी मनुष्याची स्मृती नष्ट कोठे होते? उलट ती अधिक तीक्ष्ण झालेली दिसते. वीस वर्षांपूर्वीचा अपमान तो शब्दाशब्दाने सांगतो. याचे उत्तर एरिकच्या चरित्रात आहे. त्याला आईविषयी दोन आठवणी होत्या, दिव्याची आणि नाण्याची. नाणे त्याने जन्मभर जपले. दिवा तो विसरला. स्मृतिभ्रंश म्हणजे सर्व विसरणे नव्हे. अपकार तेवढा आठवणे आणि उपकार विसरणे, हाच तो भ्रंश होय.

द्रोण आणि द्रुपद यांची कथा हेच सांगते. दोघे भरद्वाजाच्या आश्रमात एकत्र वाढले. राजा झालेल्या द्रुपदाने दरिद्री मित्राचा अवमान केला. पुढे द्रोणाने शिष्यांकरवी त्याला बांधून आणविले आणि अर्धे राज्य घेऊन अर्धे परत दिले. द्रुपदाने द्रोणवधासाठी यज्ञातून पुत्र मिळविला. त्या धृष्टद्युम्नाने युद्धाच्या पंधराव्या दिवशी द्रोणाचा वध केला, आणि त्यालाही पुढे अश्वत्थाम्याने रात्री मारले. इतक्या दीर्घ काळात आश्रमातील दिवसांची आठवण एकानेही कामी आणली नाही.

कोणी म्हणेल, शॉ हा उघड आततायी होता. त्याला मारण्यात अधर्म कोणता? गीता तर रणभूमीवरच सांगितली गेली. आक्षेप योग्य आहे. परंतु गीता युद्धाची अनुज्ञा देते ती मनाचा ज्वर उतरल्यावर. एरिकने ते जुने नाणेच शॉच्या मस्तकातून आरपार नेले. आणि तत्पूर्वी त्याला सांगितले की तुझे विचार मला मान्य आहेत, पण तू माझ्या आईला मारलेस. शॉचा विचार असा होता की, शक्तिमान जात श्रेष्ठ असून इतरांवर राज्य करण्यासाठी जन्मली आहे. ज्या विचाराने ती छावणी उभारली, तोच हा विचार. शॉचे शरीर पडले आणि मत एरिकच्या मस्तकात राहावयास आले. त्याने शॉचे शिरस्त्राणही आपल्या डोक्यावर चढविले. त्या शिरस्त्राणाचा गुण असा की, ते घातल्यावर चार्ल्सचा आवाज मनापर्यंत पोचत नाही.

त्याच वेळी क्यूबाच्या समुद्रात अमेरिकी व सोव्हिएत नौका या सर्वांवर क्षेपणास्त्रे सोडतात. एरिक ती हवेतच अडवून उलटी फिरवितो. नौकांवर हजारो निरपराध माणसे आहेत, ती केवळ आज्ञा पाळीत आहेत, असे चार्ल्स विनवितो. केवळ आज्ञा पाळणाऱ्यांच्या हाती आपण पूर्वी सापडलो होतो, पुन्हा तसे होणे नाही, हे एरिकचे उत्तर आहे. ते पोकळ नव्हे. १९४५-४६ च्या न्यूरेंबर्ग न्यायालयानेही केवळ आज्ञापालन हा बचाव पुरेसा मानला नाही. चूक अशी की, एकाच्या अपराधासाठी एरिक सर्व मानवजातीला दंड देऊ पाहतो. प्रत्यक्ष इतिहासात २७ ऑक्टोबर १९६२ रोजी, अमेरिकी नौदलाने कोंडलेल्या सोव्हिएत पाणबुडीतून अण्वस्त्रयुक्त पाणतीर सोडण्यास वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने संमती नाकारली. आज्ञा पाळणाऱ्यांच्या गर्दीत असाही एखादा असतो. क्रोधाला तो दिसत नाही.

मग चार्ल्स निर्दोष होता काय? तसेही नाही. ज्याने आई गमावली नाही, त्याने क्षमेचा उपदेश करणे सोपे असते. मानलेली बहीण रेव्हन हिलासुद्धा तो तिचे निळे रूप लपवावयास सांगत आला. लपून राहण्याचे दुःख त्याला कळले नाही. एरिकने वळविलेली एक गोळी त्याच्याच पाठीच्या कण्यात घुसून तो पंगू होतो, तेव्हा कोठे मित्राच्या वेदनेचा वाटा त्याला मिळतो. पण तोवर उशीर झालेला असतो. गीतेतील सख्याची रीत निराळी आहे. अर्जुनाचा विषाद प्रथम संपूर्ण ऐकून घेतला गेला, उपदेश नंतर आला. अर्जुनानेही शिष्यभावाने कान उघडे ठेवले. म्हणूनच शेवटी मोह जाऊन स्मृती परत आल्याची ग्वाही त्याने स्वतः दिली. ऐकणारा मित्र आणि ऐकून घेणारे मन, या दोहोंपैकी एकही उणे असेल तर मैत्री वाचत नाही.

गृहस्थाश्रमात याचा अनुभव रोज येतो. वाटणीच्या वेळी भावाने बोललेला एक कठोर शब्द तीस वर्षे जपला जातो, आणि त्याच भावाने आजारपणात जागून काढलेल्या रात्री विस्मृतीत जातात. अंगणात भिंत उभी राहते ती त्या एका नाण्यावर. अन्याय झाला असेल तर त्याचा प्रतिकार अवश्य करावा. न्याय मागण्यास गीता कोणाला मना करीत नाही. मात्र तो मागण्यापूर्वी, ज्याच्या विरुद्ध उभे राहावयाचे त्याच्यासह लावलेला एखादा दिवा आठवतो का, हे प्रत्येकाने मनाला विचारावे. तो आठवला तर हाताला न्यायापुरतेच बळ लागेल. आणि समजुतीच्या गोष्टी सांगावयास निघालेल्या आप्ताने आधी दुखावलेल्याच्या शेजारी बसून त्याचे सर्व ऐकून घ्यावे.