कामापुरता माणूस



डिसेंबरात आपल्यापैकी कोणी धंद्याच्या कामाने पणजीला जातात. गोव्याची राजधानी असूनही शहर लहान. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 40 हजार. नगरच्या थंडीसाठी घेतलेला स्वेटर तिथे बॅगेतच राहतो. आपण वसुली करतो, ऑर्डर घेतो, रात्रीच्या गाडीने परततो. लॉजवर चहा देणाऱ्याचा चेहराही आठवत नाही. यात काही चुकते का?

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट जवळजवळ सारे आयुष्य क्योनिग्सबर्ग या बंदराच्या शहरात राहिले. व्यापारी त्यांचे स्नेही होते. 1785 साली त्यांनी मांडले, की माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. 'केवळ' हा शब्द मोलाचा आहे. चहा मागणे गैर नाही. चहा देणारा चहापुरताच आहे असे वागणे गैर.

पणजी दूर राहिली. त्याच हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांवर ऊसतोड कामगार येतात, कोपीत राहतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' होतो. माणसाला हत्याराचेच नाव! प्रवासी निघून जातो. आपण तर इथलेच आहोत. या रविवारी एका तरी 'कोयत्या'ला त्यांची दोन नावे विचारू या, त्यांच्या लेकरांच्या शाळेची चौकशी करू या.