धीर कुणी धरायचा?

अवधूतांच्या २४ गुरूंत पहिली पृथ्वी. तिच्याकडून सहनशीलता शिकायची; पण सहन करायचं कुणी?

उन्हाळ्यात सोलापुरातल्या एका कार्यालयात दाखल्यासाठी रांगेत होतो. पुढच्या आजी म्हणाल्या, "चौथा हेलपाटा हाय बघ, लेकरा." तेवढ्यात ओळखीच्या शिपायानं मला आत बोलावलं. गेलो. माझा अर्धा तास वाचला. तो आजींनी उभं राहून भरला.

२०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानुसार अधिसूचित सेवेला मुदत असते. ती टळली तर अपील करता येतं. बाहेर येऊन आजींचा अर्ज पाहिला. मुदत केव्हाच संपलेली. तिथंच अपील लिहून दिलं.

आपल्यापुरता धीर धरावा, ती साधना. दुसऱ्याला धीर धरायला लावणं, हा अन्याय.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥