शेवटच्या बाकावरची माणसे



काही जण मिस्साला नेहमी शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसतात आणि प्रवचन चालू असतानाच उठून बाहेर जातात. ‘यांना भक्ती नाही,’ असे आपण सहज म्हणून टाकतो. त्यांच्यापैकी एखाद्याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजेच आयबीएस, असेल हे आपल्या मनातही येत नाही.

या विकारात पोटात वारंवार कळा येतात, पोट फुगते, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ होते. मेंदू आणि आतडी यांच्यात मज्जातंतूंमार्फत सतत निरोपांची ये-जा चालू असते. ती बिघडली की आतडी नाजूक होतात. नेहमीच्या तपासण्यांत मात्र काही सापडत नाही. मग घरचेच म्हणतात, ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, हे तुझ्या मनाचे खेळ!’ ताणाने हा त्रास वाढतो हे खरे. पण म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. नाशिक रोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडताना किंवा फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेत रांगेत उभे राहताना अशा माणसाला आधी शौचालय कुठे आहे ते पाहावे लागते.

न दिसणाऱ्या देवावर आपण श्रद्धा ठेवतो. मग शेजाऱ्याचे न दिसणारे दुखणे मानायला आपल्याला पुरावा का लागतो?

संत मार्कच्या शुभवर्तमानात (५:२५-३४) बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री भेटते. लाजेपोटी ती गर्दीत मागून आली. याईराच्या घरी जाण्याची घाई असूनही प्रभू थांबला आणि त्याने तिची सारी हकिगत ऐकून घेतली. संत पौलानेही तिमथ्याच्या पोटाच्या तक्रारीला श्रद्धेची उणीव म्हटले नाही; त्याला साधा घरगुती उपाय सुचवला (१ तिमथ्य ५:२३). ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वीच्या एक तासाच्या उपवासातून ख्रिस्तसभाही आजाऱ्यांना सूट देते.

ज्यांना हा त्रास आहे त्यांनी लाजू नये, डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, त्रासाने रात्री झोपमोड होणे, अशी लक्षणे असतील तर मुळीच वेळ दवडू नये. आहारातील बदल, इसबगोल, औषधे आणि मनाला विसावा यांनी पुष्कळांना आराम पडतो.

आणि आपण निरोगी माणसे? आपण पुढच्या बाकांवर बसू या. दाराजवळची जागा ज्यांना तिची गरज आहे त्यांच्यासाठी मोकळी ठेवू या, आणि कोणी उठून गेले तर मागे वळून पाहू नये.