सुखरूप पोचल्याचा दाखला

बीडच्या माणसानं बर्फावर लिहावं, म्हणजे कोकणातल्या माणसानं दुष्काळावर लिहिण्यासारखं आहे. आमच्याकडं बर्फ भेटतो तो रसवंतीवर, नाहीतर लग्नाच्या मांडवात पाण्याच्या पिंपात. अधूनमधून गारा पडतात. पण त्या हातातोंडाशी आलेला गहू आडवा करायला येतात, अभ्यासाला नव्हे. तरीही मी बर्फावर लिहिणार आहे. बँकेत वीस वर्षं खुर्ची झिजवल्यावर मला एक प्रश्न पडला आहे, आणि त्याचा उलगडा बर्फात झाला. एखादी गोष्ट निभावली, म्हणजे ती शहाणपणाची होती असं म्हणायचं का?

आमच्या कॅशियरसाहेबांच्या मते हा प्रश्नच नाही. एका जानेवारीत ते केदारकंठ्याला जाऊन आले आणि तेव्हापासून बर्फाचे जाणकार झाले. "त्यात भ्यायचं काय? आमच्या पुढं दहा जण गेले होते. पावलांची वाट पडली होती. आपण फक्त पाय टाकायचा. काही होत नाही!"

मी कॉमर्सचा पदवीधर. बर्फाचं शास्त्र समजून घ्यायला मला अंगणाची भिंत पुरली. वैशाखात वावटळ सुटली की पाचोळा वाऱ्याच्या तोंडाला टिकत नाही. भिंत ओलांडतो आणि पलीकडं आडोशाला त्याचा ढीग लागतो. डोंगरावर बर्फाचंही तेच. वारा एका अंगाचा बर्फ खरवडतो आणि धारेपलीकडच्या उतारावर नेऊन रचतो. आभाळातून पडतो त्याच्या दहापट वेगानंसुद्धा रचू शकतो. म्हणजे आभाळ स्वच्छ, ऊन पडलेलं, आणि उतारावरचा भार वाढतोच आहे. कर्जदार झोपलेला असला तरी व्याज चालू असतं, तसं. वाऱ्यात बर्फाचे कण फुटून बारीक होतात, एकमेकांत घट्ट बसतात आणि त्यांची लादी बनते. वरून गुळगुळीत, खाली मात्र ठिसूळ थर. पायाखाली ढोलासारखा पोकळ आवाज आला किंवा बर्फाला चीर जाऊ लागली, की उतार आपल्या परीनं नोटीस देत असतो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर या लाद्या सुटतात. माणसं दगावतात अशा दहापैकी सुमारे नऊ घटनांत लादी सुटते ती त्या माणसाच्या, नाहीतर त्याच्याच सोबत्याच्या भारानं. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, 'आडोशाला उभा राहा'. इथं आडोसाच घात करतो.

आता खरी गोम. लादी सगळीकडं सारख्या जाडीची नसते. दहा जण जाड भागावरून जातात, अकराव्याचा पाय पातळ जागी पडतो आणि सगळा उतार सुटतो. दहा पावलांनी काहीच सिद्ध झालेलं नसतं. इयन मॅकॅमन या अमेरिकन अभ्यासकानं १९७२ ते २००३ या काळातले असे ७१५ अपघात तपासले. त्यात रीतसर शिकलेली माणसंही सापडली. ओळखीचा उतार आणि दुसऱ्यांच्या पाऊलखुणा दिसल्या की शिकलेलं बाजूला पडतं. तारण न पाहता दिलेलं कर्ज कधीकधी फिटतं. म्हणून तारण बघायची गरज नव्हती असं होत नाही. फिटलं, इतकंच.

बर्फ नसला म्हणून आपण सुटलो असं समजू नका. आपल्याकडं फरशी पूल आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यानं पूर पाहिला. पुलावरून पाणी चाललेलं असतं, अलीकडं मोटारसायकली थांबलेल्या असतात. दोन फूट वाहतं पाणी मोटारसुद्धा ओढून नेतं, हे कुणीतरी सांगतही असतं. तेवढ्यात एक बहाद्दर पार होतो आणि पलीकडून हात हलवतो, "या रे, काही होत नाही!"

तो वाचला, चांगलं झालं. त्याचं नशीब ही त्याची खासगी ठेव. पण त्याचा तो हलणारा हात खासगी नाही. बर्फातल्या पावलांसारखा तोही मागच्यांसाठी दाखला असतो, आणि ज्याला पुलाची फरशी दिसलेली नाही अशा माणसानं दिलेला. मागचा अकरावा बुडाला, तर कागदोपत्री बहाद्दराचा काही दोष नाही. मला मात्र त्याची सही तिथं दिसते. काठावर पोचून "मी आलो, तू येऊ नकोस" म्हणायला पाण्यात उतरण्यापेक्षा जास्त छाती लागते, कारण त्यात आपल्या पराक्रमातली अर्धी रक्कम नशिबाच्या खात्यात जमा करावी लागते.

हे सगळं मी कॅशियरसाहेबांना ऐकवलं. "पण मी तर सुखरूप आलो ना?" ते म्हणाले.

"आलात, आनंद आहे. फक्त पुढच्या वर्षी जाणाऱ्या पोरांना 'काही होत नाही' म्हणू नका. 'मला काही झालं नाही' एवढंच म्हणा."

ते गप्प झाले. त्या संध्याकाळी कॅश पहिल्याच मोजणीत जुळली. तरी त्यांनी ती पुन्हा मोजली, आणि माझी साडेसहाची एस.टी. चुकली.