कोठाराची किल्ली

दामाजीपंतांची कथा आपल्या मंडळींपैकी कोणास ठाऊक नाही? बेदरच्या बादशहाच्या वतीने ते मंगळवेढ्याचा कारभार पाहत. दुष्काळ पडला, अन्नावाचून माणसे मरू लागली, आणि पंतांनी सरकारी कोठारे लुटविली. पुढे पांडुरंगाने विठू महाराच्या रूपाने धान्याची किंमत बेदरच्या दरबारी भरली, अशी परंपरा आहे. कीर्तनात या प्रसंगी डोळे पाणावतात. परंतु त्यात दडलेला प्रश्न आम्हांस अधिक बोचतो. जे धान्य आपले नव्हे ते वाटणे हा धर्म की विश्वासघात?

परंपरेचे उत्तर मार्मिक आहे. देवाने हिशेब पुसून टाकला नाही. तो चुकता करून पावती घेतली. म्हणजे दया खरी आणि हिशेबही खरा. शिवाय एक गोष्ट हरिदास सहसा सांगत नाहीत. कोठारे आधी भरलेली होती, म्हणूनच पंतांच्या दयेस फळ आले. रिकाम्या कोठारापुढे त्यांनी तरी काय केले असते?

बरे, नुसते भरलेले कोठारही पुरत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात आपल्या बालाघाटास आगगाडी नव्हती. ती विसाव्या शतकाच्या आरंभी आली. १९४२ साली बंगालच्या किनाऱ्यावर, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून, सरकारने होड्या काढून घेतल्या. पुढच्याच वर्षीच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. त्यास कारणे अनेक होती. पण होडीवाचून त्या पाणथळ मुलखात तांदूळ हलावा कसा?

वैनगंगेच्या काठी तांदळाची वाण नाही. तथापि नाले भरून वाहू लागले की बैहरच्या रानातील गावास शहरातले गोदाम असून नसल्यासारखेच. गडचिरोलीच्या दुर्गम भागात पावसाळ्यापूर्वीच काही महिन्यांचे धान्य पोचते करतात, ही रीत शहाणपणाची होय.

मात्र साठा गावात गेला की किल्लीही गावात जाते. वाट बंद, वरचा हुकूम येत नाही, चुली विझलेल्या. अशा वेळी किल्ली धरणाऱ्याने काय करावे? आमच्या मते कुलूप उघडावे, चौघांसमक्ष पोत्यांची नोंद करावी, आणि भरपाईचा भार सर्व गावाने उचलावा. एकट्या कोठीवाल्यास बेदरला पाठवून विठूरायाची वाट पाहणे आम्हांस तरी निव्वळ आळस वाटतो. हा ठराव ज्येष्ठात, वाटा कोरड्या असतानाच, व्हावयास हवा.