आईकडे केलेली पहिली मागणी



गर्भधारणेनंतर साधारण ५व्या दिवशी आपण प्रत्येकजण मिठाच्या कणाहूनही लहान असा पेशींचा एक पोकळ गोळा होतो. एवढ्याशा गोळ्यातही कामाची वाटणी झालेली असते. आतल्या पेशींच्या पुंजक्यातून पुढे बाळाचे शरीर घडते. बाहेरच्या थराला ‘ट्रोफोब्लास्ट’ म्हणतात. डच प्राणिशास्त्रज्ञ ह्युब्रेख्त यांनी १८८९ मध्ये दिलेल्या या नावातच पोषणाचा अर्थ आहे.

हा थर ६व्या-७व्या दिवशी गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो, आत रुजतो आणि आईच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतो. वार मुख्यतः त्याच्यापासूनच तयार होते. गर्भ राहिल्याचा संदेशही तोच आईच्या शरीराला देतो. चाचणीच्या पट्टीवर रेघ उमटते, ती त्याच्याच संप्रेरकामुळे.

विचार करा. तेव्हा आपल्याला हृदय नव्हते, हात नव्हते, जीभ नव्हती. पण आईकडे मागण्याची सोय अल्लाहने करून ठेवली होती. तो थर आईचा नव्हता, आपला होता. त्यात पित्याचाही वारसा होता. तरीही तिच्या देहाने त्याला परका म्हणून झिडकारले नाही, वाट करून दिली. गर्भाशयाला अरबीत ‘रहिम’ म्हणतात. ‘रहमान’ आणि ‘रहीम’ ही अल्लाहची नावे त्याच धातूपासून आली आहेत.

एकदा नमाजनंतर तीन भाऊ माझ्याकडे आले. वृद्ध आईला कोणी किती महिने सांभाळायचे, याचा निवाडा त्यांना हवा होता. मी विचारले, “तिने तुम्हाला वाहिले, ते महिने कोणाच्या हिशेबात धरायचे?” तिघांच्याही माना खाली गेल्या.

सूरह लुकमानच्या १४व्या आयतीत आईने अशक्तपणावर अशक्तपणा सोसून मुलाला वाहिल्याचा उल्लेख आहे, आणि तेथेच अल्लाहचे व मातापित्यांचे आभार मानण्याची आज्ञा आहे. चांगल्या वागणुकीचा सर्वांत मोठा हक्कदार कोण, या प्रश्नावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तीनदा आईचे नाव घेतले, चौथ्यांदा पित्याचे.

बंधुभगिनींनो, जन्माच्या वेळी वार गळून पडली. ऋण गळून पडले नाही. आई हयात असेल तर आज तिच्याजवळ बसा. नसेल तर तिच्यासाठी दुआ करा. अल्लाह आपल्याला कृतज्ञ संतती बनवो. आमीन.