त्यांनाही आत्मा असेल का?

गेल्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने आम्हांला चर्चच्या आवारात गाठले. "फादर, दुसऱ्या ग्रहावर जीव सापडले, तर आपला देव खोटा ठरेल ना?" बरोबरची मुले हसली. आम्ही हसलो नाही. प्रश्न पोरकट नव्हता.

1995 साली सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह सापडला. आज परताऱ्यांभोवतीचे 6,000 हून अधिक ग्रह नोंदले गेले आहेत. जीव अजून कुठेच आढळलेला नाही. उद्या आढळला, तरी ख्रिस्तसभेने घाबरण्याचे कारण नाही. 1277 साली पॅरिसच्या बिशपांनी जी मते निषिद्ध ठरवली, त्यांत 'देव अनेक विश्वे निर्माण करू शकत नाही' हेही एक होते. देवाच्या सामर्थ्याला कुंपण घालणे त्यांना मान्य नव्हते. व्हॅटिकन वेधशाळेचे तेव्हाचे संचालक फादर होसे गाब्रिएल फुनेस यांनी तर 2008 साली अशा जीवांना 'भाऊ' म्हटले. (2025 पासून या वेधशाळेची धुरा आपल्या भारतातील येशूसंघीय फादर रिचर्ड डिसूझा यांच्याकडे आहे.)

आमच्या मते खरी अडचण पुढेच आहे. त्या जीवाला जाणीव आहे, आत्मा आहे, हे ओळखायचे कशावरून? जाणीव दुर्बिणीतून दिसत नाही. मिस्सामध्ये शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाचीही ती दिसत नाही. त्याच्या बोलण्यारडण्यावरून आपण ती मानतो.

हा प्रश्न पृथ्वीवरच एकदा विचारला गेला आहे. 1492 नंतर अमेरिकेत पोहोचलेल्या युरोपियनांपैकी काहींनी तेथल्या मूळ रहिवाशांना पशुवत ठरवले. दुसऱ्याची जमीन आणि फुकटची मजुरी हवी असली, की असा संशय सोयीचा पडतो. 1537 साली पोप तिसरे पॉल यांनी बजावले की, ही खरी माणसे आहेत, श्रद्धा स्वीकारण्यास समर्थ आहेत. ती ख्रिस्ती नसली, तरी त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावता येणार नाही. लूट त्यानंतरही थांबली नाही, आणि लुटणारे मिस्साला जाणारेच होते, हेही कबूल केले पाहिजे.

पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला जातो. एका घरी आजी वर्षभर कुणालाच ओळखत नाहीत. सून म्हणाली, "फादर, त्या आत आहेत की नाहीत, कोण जाणे." तिचा थकवा खरा होता. स्मृती गेली म्हणून आत्मा जात नाही, ही आपली श्रद्धा. पण ते त्या वेळी बोलणे म्हणजे पुस्तक वाचून दाखवणे झाले असते. आम्ही आजींचा हात धरून प्रार्थना म्हटली. 'आमेन' सुनेनेच म्हटले.

त्या मुलाला आम्ही 1277 आणि 1537 ची हकिकत सांगितली. त्याचे पुरते समाधान झालेले दिसले नाही. येत्या पहिल्या शुक्रवारी त्याला आमच्याबरोबर आजींकडे यायला सांगितले आहे.